फिश लाइव्ह, मॅडिसन स्क्वेअर गार्डन: ३१ डिसेंबर सोडा, ३० चं तिकीट काढा

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असलेल्यांनी तेवढा वाचून पुढे जावं. फिश या बँडचे न्यूयॉर्कमधले वर्षअखेरचे शो, पाचपैकी साडेचार स्टार. चार रात्रींपैकी एकच जमणार असेल तर ३१ डिसेंबरच्या मागे लागू नका, ३० चं तिकीट काढा. दोन जमत असतील तर २९ आणि ३०. ३१ ला घरी सोफ्यावर बसून स्ट्रीम बघा, चिवडा खात. हे वाचून काही जुने फॅन माझ्या अंगावर धावून येतील आणि बरेचसे गुपचूप मान डोलावतील, कारण "खरा शो ३० लाच होतो" हे या लोकांत वर्षानुवर्षं बोललं जातं.

फिश म्हणजे कोण हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, इथे अमेरिकेत वीस-वीस वर्षं राहिलेल्यांनाही, म्हणून थोडक्यात. १९८३ ला व्हर्मांटमधे, बर्लिंग्टनच्या युनिव्हर्सिटीत कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेला बँड. ट्रे अनास्टॅसिओ गिटारवर, माइक गॉर्डन बेसवर, जॉन फिशमन ड्रम्सवर, १९८५ ला पेज मॅकॉनल कीबोर्डवर आला आणि १९८६ पासून आजतागायत हेच चौघं. मधे २००० ते २००२ सुट्टी घेतली, २००४ ला तर कायमचं दुकान बंद म्हणून जाहीर करून टाकलं आणि २००९ ला व्हर्जिनियातल्या हॅम्पटनला परत उभे राहिले. रेडिओवर यांची गाणी फारशी कधी वाजली नाहीत पण मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारखं बंदिस्त स्टेडियम मात्र चार-चार रात्री भरतं. फिशमन स्टेजवर गोल गोल नक्षीचा बायकी झगा घालून बसतो आणि मूड लागला तर व्हॅक्यूम क्लीनर तोंडाला लावून वाजवतो. हो, घर साफ करायचाच व्हॅक्यूम क्लीनर. माझ्या नवऱ्याने हे एकदा बघितलं आणि उठून डिशवॉशर लावायला गेला, तेव्हापासून तो या विषयात नाही, मी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर नाहीतर एकटी जाते.

या सगळ्या प्रकाराचे मूळपुरुष म्हणजे ग्रेटफुल डेड, १९६५ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेले. रोज वेगळी गाणी, गाणं हवं तेवढं लांबवायचं आणि लोकांना खुशाल रेकॉर्ड करू द्यायचं ही रीत त्यांनीच पाडली, १९८४ पासून तर माइक-स्टँड घेऊन येणाऱ्या टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवायचे. १९९५ च्या ऑगस्टमधे जेरी गार्सिया गेला आणि त्यांच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या पब्लिकमधले बरेच जण फिशकडे वळले. माझी आई ठाण्याहून आली होती तेव्हा मी तिला हे समजावत होते, तिचं लक्ष अर्थातच मेथी निवडण्यात, पण डेडचा ड्रमर मिकी हार्ट आणि आपले झाकीर हुसेन यांनी मिळून १९७६ ला दिगा ऱ्हिदम बँडची रेकॉर्ड काढली, पुढे त्या दोघांच्या प्लॅनेट ड्रमला ग्रॅमी मिळालं असं म्हटल्यावर तिने मान वर केली. "अगं मग आधी नाही का सांगायचंस, झाकीरभाई ज्यांच्यात बसले ते काही उगाच नसतील." तेव्हापासून आईच्या लेखी मी जाते ते "झाकीरभाईंच्या मित्रांच्या कार्यक्रमाला". फिशचा आणि झाकीरभाईंचा तसा काही संबंध नाही, पण मी हा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलेली नाही, फार सोयीचा आहे.

आता मुख्य माल, म्हणजे शो. ओपनिंगला दुसरा बँड नाही, निवेदन नाही, "हॅलो न्यूयॉर्क" नाही, येतात आणि सुरू होतात. साधारण आठच्या सुमाराला पहिला सेट, सव्वा-दीड तासाचा, मग अर्ध्या तासाचा ब्रेक, मग दुसरा सेट तेवढाच आणि शेवटी एन्कोर, म्हणजे टाळ्यांवर परत येऊन वाजवलेलं. काय वाजवणार ते आधी कळत नाही आणि चार रात्री मिळून गाणं सहसा रिपीट होत नाही. २०१७ ला याच गार्डनमधे त्यांनी सलग १३ शो केले, बेकर्स डझन (म्हणजे तेरा) नावाने, रोज एका डोनटची थीम, आत शिरणाऱ्यांना तो डोनट फुकट, आणि तेराही रात्री मिळून एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही, २३७ गाणी झाली. त्याचं बॅनर गार्डनच्या छताला लावलं. म्हणून लोक एकाच बँडची चार-चार तिकिटं काढतात, वेड लागलंय म्हणून नाही. म्हणजे थोडं तेही असेल.

पहिला सेट बहुतेक वेळा गाण्यांचा असतो, पाच-सात मिनिटांची, नीट सुरू होऊन नीट संपणारी. जॅम, म्हणजे ठरलेलं गाणं सोडून तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवत जाणं, तो खरा दुसऱ्या सेटमधे. मागच्या एका ३० तारखेला माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, मांडीवर छोटी वही, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला असते तशी उभी, आणि पेन्सिल. प्रत्येक गाण्याचं नाव लिहायचे, समोर वेळ. दुसऱ्या सेटचं पहिलं गाणं सुरू झालं, कडवी झाली, ट्रेचा सोलो झाला, आता नेहमीच्या जागी येऊन संपणार असं वाटेपर्यंत ट्रेने सोलो वाजवायचाच सोडला आणि दोन सुरांचा एक तुटक तुकडा ठोकत बसला. नुसतं टक-टक. मिनिटभर कोणी काही करेना. मग माइकने बेसवर ती टक-टक उलटी केली, म्हणजे ट्रे जिथे थांबतोय तिथे हा वाजवतोय, पेजने पियानो सोडून शेजारचं क्लॅव्हिनेट (कीबोर्डचाच एक प्रकार) घेतलं, आणि फिशमनने ताल अर्ध्यावर आणला, सगळं एकदम जड, संथ, खोल. गाणं मूळ ज्या सुरात होतं तो सूर कधी गेला ते कळलंच नाही. शेजारच्या काकांनी पेन्सिल खाली ठेवली होती. पंधरा-वीस मिनिटांनी त्या चिखलातून हळूहळू एक चाल वर यायला लागली, अगदी पुसट, आणि खाली फ्लोअरवर कुठेतरी कोणीतरी ओरडलं, मग दहा जण, मग सगळं गार्डन, कारण ते दुसरंच गाणं होतं आणि मधे एक क्षणही थांबलेले नव्हते. काकांनी वही उचलली आणि आधीच्या गाण्यापुढे बाण काढला. या लोकांत बाणाचे दोन प्रकार असतात, गाण्याला लागून नुसतं दुसरं गाणं सुरू केलं तर साधं टोक, आणि एकातून दुसरं खरोखर उगवलं तर शेपटीवाला पूर्ण बाण. काकांनी शेपटी काढली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी ती गिरवून जाड केली.

हे आपोआप होत नाही. सुरुवातीच्या काळात हे लोक खोलीत बसून ऐकायचा रियाज करायचे, एकाने छोटा तुकडा धरायचा, बाकीच्यांनी त्याला पूरक काहीतरी, आणि आपल्याला बाकी तिघांचं सगळं नीट ऐकू येतंय असं वाटलं की "हे!" म्हणायचं, मग पुढच्याने बदल करायचा. ज्यांनी सवाई गंधर्वला अंगावर शाल घेऊन, गार पडलेली भजी खात, एका रागावर तासभर बसून काढलाय त्यांना वीस मिनिटांच्या जॅमची भीती वाटायचं काही कारण नाही. फरक एवढाच की इथे मुख्य कलाकार आणि साथीदार असं काही नाही, चौघं एकाच वेळी बढत करतात, आणि कोण पुढे नेतोय हे त्यांनाही बहुधा नंतर टेप ऐकून कळत असेल.

आता अर्धा स्टार कुठे गेला ते. एक म्हणजे गाण्यांचे शब्द. सुरुवातीची बरीच गाणी म्हणजे कॉलेजच्या पोरांनी रात्री दोनला लिहिलेला शुद्ध वेडेपणा आणि अलीकडची बरीचशी "आयुष्य सुंदर आहे, एकमेकांवर प्रेम करा" थाटाची, दोन्हीकडे अर्थ शोधायला जाऊ नका. दुसरं म्हणजे चौघांपैकी कोणीही गायक नाही. आवाज ठीक, कधी कधी बेसूर, तीन-चार आवाजांची जुळवणी असलेली गाणी तर हात जोडून ऐकावी लागतात. आणि तिसरं, सगळ्यात खरं, जॅम दर वेळी लागतोच असं नाही. कधी कधी चौघं बारा मिनिटं एकमेकांची वाट बघत बसतात आणि ट्रे कंटाळून नवीन गाणं सुरू करतो, त्याला फॅन लोक शिव्याही घालतात. पण फसण्याची शक्यता नसती तर मी ३० ला गेलेच नसते, घरी सीडी लावली असती. म्हणून एक नाही, अर्धाच कापलाय.

जागेबद्दल. मॅडिसन स्क्वेअर गार्डन पेन स्टेशनच्या डोक्यावर आहे, त्यामुळे आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसन-मेट्रोपार्कवाल्यांना न्यू जर्सी ट्रान्झिटच्या ट्रेनने थेट, गाडी काढायची नाही, पार्किंगचे पैसे नाहीत, जिना चढलं की दारात. मोठी बॅग आत नेता येत नाही, साधी छोटी पर्स न्या आणि कोट असा घाला की तो गुंडाळून सीटखाली बसेल, डिसेंबरची थंडी बाहेर आणि आत मात्र नाचून घाम. आतला मुख्य फ्लोअर रस्त्यापासून चांगला पाच मजले वर आहे, त्यामुळे वीस हजारांच्या आसपास पब्लिक एकदम उड्या मारायला लागलं की अख्खी जमीन खरोखर खालीवर होते. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता, शेजारची बाई म्हणाली ही जमीन बनवलीच तशी आहे, घाबरू नकोस, आणि स्वतः परत उड्या मारायला लागली.

सीट कुठली घ्यावी, तर फ्लोअरवर उभं राहायचं असतं, पुढे जायचं तर दुपारपासून लाइन लावा, पन्नाशीकडे झुकलेल्या गुडघ्यांना माझा सल्ला नाही असाच आहे. १०० नंबरचे सेक्शन मस्त पण तिकडे हात लावला की खिशाला चाट. माझं मत २०० च्या पहिल्या काही ओळी, स्टेजच्या तिरप्या समोर. त्याच २०० च्या अगदी मागच्या ओळी मात्र टाळा, वरून जे आडवे पूल टाकलेत ना, रिनोव्हेशनमधे झालेले, ते मधे येतात आणि लाइटचा वरचा अर्धा भाग कापला जातो. त्यापेक्षा त्या पुलावरचीच सीट घ्या, सगळं पायाखाली दिसतं, उंचीची भीती नसेल तर. डावीकडे पेज बसतो म्हणून ती पेज साइड, आणि "पेज साइड, रेज साइड" असं म्हणत तिकडचं पब्लिक जास्त उड्या मारतं. उजवीकडे माइक, तिकडे बेस पोटात येतो. मला उजवीकडची आवडते.

लाइटचा एवढा आग्रह का, तर लाइटवाला ख्रिस कुरोडा १९८९ पासून यांच्याबरोबर आहे आणि लोक त्याला पाचवा मेंबर म्हणतात, सीके ५. आधी ठरवलेला प्रोग्राम लावून गप्प बसणारा हा माणूस नव्हे, जॅम जिकडे जाईल तिकडे हा लाइट वाजवत जातो, वाजवतो हाच शब्द बरोबर आहे. वर लाइटच्या पट्ट्या टांगलेल्या असतात त्या खाली येतात, वळतात, लाटेसारख्या हलतात. त्या टक-टकवाल्या जॅममधे त्याने दहा मिनिटं सगळं निळं ठेवलं होतं, एकच निळा, आणि नवीन गाण्याचा पहिला सूर ट्रेने पूर्ण वाजवल्यावरच पांढरा सोडला. आधी नाही. एखादा हौशी असता तर त्याने पाचव्या मिनिटाला रंगपंचमी केली असती.

तिकिटं. आधी बँडच्या स्वतःच्या साइटवर लॉटरी असते, रात्र आणि सेक्शनची पसंती टाकायची आणि देवावर हवाला, लागली तर कळवतात. नाही लागली तर जनरल सेल, तिथे दोन मिनिटांत सगळं साफ. त्यानंतर रीसेल साइट, एका मोठ्या साइटवर ३१ च्या तिकिटाचा भाव बघून मी टॅब बंद करून पाणी प्यायले. हे करू नका. फॅन लोकांचं कॅश ऑर ट्रेड म्हणून आहे तिथे मूळ भावातच विकायचं असा नियम आहे, थोडी चिकाटी लागते, रोज डोकवावं लागतं, शोच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुपारी सगळ्यात जास्त तिकिटं येतात कारण कोणाचं पोर आजारी, कोणाची फ्लाइट रद्द. गार्डनच्या बाहेर एक बोट वर करून उभे असलेले लोक दिसतील, त्यांना एक तिकीट हवंय, बहुतेकांना फुकट. आणि मिळतंही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, एका आजोबांनी आपलं जास्तीचं तिकीट एका कॉलेजच्या पोरीच्या हातात ठेवलं आणि मागे वळूनही न बघता आत गेले.

पब्लिकबद्दल खास बायकांसाठी. एकटी गेले तर चालेल का असं मला दोघी-तिघींनी विचारलं. चालेल. मी जाते. चाळिशी-पन्नाशीचे लोक भरपूर, डॉक्टर, शिक्षक, वकील, दिवसा टाय लावणारे आणि रात्री डोनट छापलेली पँट घालणारे, पोराबाळांना घेऊन आलेलेही दिसतात. आपल्यासारखे चेहरे कमी, पण कोणी "तू इथे कशी" असं बघत नाही, उलट पहिलीच वेळ आहे कळलं तर शेजारचे तीन जण तीन दिशांनी शिकवायला लागतात, कुठल्या गाण्यात कुठे टाळ्या, कुठे ओरडायचं. नव्वदच्या सुरुवातीला तर बँडने पब्लिकला खुणाच शिकवल्या होत्या, गिटारवर सिम्पसन्स या कार्टूनच्या धूनचा तुकडा वाजला की सगळ्यांनी एकदम "डोह!" ओरडायचं वगैरे, आणि १९९५ च्या टूरवर बँड विरुद्ध पब्लिक बुद्धिबळ चाललं होतं, प्रत्येक शोला एक-एक चाल, शेवटी १-१ बरोबरी. असे नग आहेत सगळे.

पण गोड गोड तेवढंच सांगणार नाही. गांजाचा वास आत सगळीकडे असतो, डोकं दुखणाऱ्यांनी विचार करून जा. बाहेर फुगे विकणारे दिसतात, ते वाढदिवसाचे नाहीत, त्यात नशेसाठी हुंगायचा नायट्रस गॅस असतो, फॅनच त्यांच्यावर वैतागलेत, तिथे रेंगाळू नका. कोणी दिलेलं काहीही खाऊ-पिऊ नका, चॉकलेटसुद्धा. आणि याच गर्दीत ब्रेकच्या वेळी पिवळे फुगे लावलेलं एक टेबल असतं, तिथे दारू-ड्रग्ज सोडलेले फॅन जमतात, फेलोशिप म्हणतात त्यांना. ट्रे स्वतः व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे, त्याने व्हर्मांटमधे लडलो गावात उपचार केंद्र उभं केलंय. त्यामुळे शुद्धीत राहून नाचणं इथे अजिबात विचित्र समजत नाहीत. माझ्यासारखी पाण्याची बाटली घेऊन नाचणारीही खपून जाते.

खाणं. दुसऱ्या गावांत हे शो मैदानात नाहीतर मोठ्या पार्किंगमधे असतात तिथे बाहेर बाजार भरतो, शेकडाउन म्हणतात त्याला, टाय-डाय टीशर्ट, स्टिकर, तव्यावरचं चीज सँडविच, भाजीचे बरिटो, शाकाहारी माणसाची चंगळ. मॅनहॅटनमधे पार्किंगच नाही तर बाजार कुठून भरणार, फुटपाथवर चार-दोन जण चादर पसरून टीशर्ट विकतात आणि पोलीस दिसला की गुंडाळतात. आतले भाव न्यूयॉर्कचे, जास्त काय बोलणार. मी ट्रेनमधेच मेथीचे ठेपले खाऊन घेते.

आणि आता ३१ तारीख. ३१ ला दोनच्या ऐवजी तीन सेट असतात आणि बाराच्या ठोक्याला काहीतरी तमाशा, चांगल्या अर्थाने. १९९४ ला बॉस्टनमधे हे चौघं एका राक्षसी हॉटडॉगमधे बसून लोकांच्या डोक्यावरून उडत गेले होते. तो हॉटडॉग पुढे क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात ठेवला गेला, आणि गंमत बघा, २०२५ ला फॅन व्होटमधे हेच पहिले येऊनसुद्धा त्या हॉलने बँडला काही आत घेतलं नाही. म्हणजे हॉटडॉग आत, बँड बाहेर! २०१९ ला चौघांना वेगवेगळ्या फळ्यांवर उभं करून हवेत चढवलं आणि ट्रेची फळी वरच अडकली, बिचारा वरूनच वाजवत राहिला. २०२३ ला मात्र खरोखर इतिहास घडला, ट्रेने कॉलेजच्या प्रबंधासाठी लिहिलेली गेमहेंजची अख्खी गोष्ट, जी १९९४ नंतर त्यांनी सलग कधी केली नव्हती, ती नटसंचासकट गार्डनमधे सादर केली. त्या रात्री जे आत होते त्यांच्याबद्दल माझ्या मनात शुद्ध मत्सर आहे.

मग ३१ नको का म्हणते? कारण अशी वर्षं रोज उगवत नाहीत आणि तमाशाच्या तयारीत बँडचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. बाराला अमुक गाणं सुरू व्हायलाच हवं असेल तर पावणेबाराला कोण कुठल्या जंगलात शिरेल? पब्लिकही वेगळं, निम्मे जण न्यू इयर पार्टी म्हणून आलेले, हळू भाग आला की गप्पा सुरू. वर टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीने रस्ते बंद, परतीच्या ट्रेनमधे उलट्या करणारी पोरं, आणि तिकीट सगळ्यात महाग. ३० ला यातलं काही नसतं, बँड दोन रात्री वाजवून हात मोकळा झालेला, उद्याची जबाबदारी उद्या. १९९७ ची ३० डिसेंबर ऐका, इथलीच, वेळेची मर्यादा ओलांडून वाजवत बसले होते. आता कोणी १९९५ च्या ३१ डिसेंबरचं नाव काढेल, तीही इथलीच, आणि ती थोर आहे हे मान्य, पण तेव्हा त्यांची तिशी होती.

फेस्टिव्हलबद्दल विचारतात म्हणून तेही. यांचे फेस्टिव्हल म्हणजे इतरांसारखे पन्नास बँड आणि चार स्टेज नव्हेत, एकच बँड, फक्त हेच, आणि बाकी तंबू. १९९६ ला प्लॅट्सबर्गच्या जुन्या हवाई तळावर पहिला, क्लिफर्ड बॉल. १९९९ ला फ्लोरिडात बिग सायप्रसला मध्यरात्री सुरू केलेला सेट सूर्योदयापर्यंत चालला होता, साडेसात तासांच्या वर. २०१८ चा कर्व्हबॉल आदल्या दिवशी रद्द झाला, पुरामुळे तिथलं पाणी पिण्यालायक राहिलं नव्हतं. त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टमधला, डेलावेअरच्या डोव्हरचा मॉन्डेग्रीन जाहीर झाला तेव्हा २०१५ नंतरचा पहिला म्हणून सगळे तुटून पडले. एडिसनहून दोन-सव्वादोन तासांचा ड्राइव्ह, चार दिवस.

संगीत आणि सजावट पाचपैकी पाच. झाडांमधे दिवे, चित्रविचित्र कलाकृती, रात्री फिरायला स्वर्ग. पण ऑगस्टमधलं डोव्हर म्हणजे मे महिन्यातलं पनवेल, सकाळी आठला तंबूची भट्टी होते, झोप संपली. सावलीसाठी एक छत, बर्फाचा मोठा बॉक्स, पंखा, ओली-सुकी पुसणी आणि स्वतःचा टॉयलेट रोल, एवढं न्यायलाच हवं. पोर्टेबल टॉयलेट सकाळी सफाईची गाडी येऊन गेल्या गेल्या वापरून घ्यायचं, संध्याकाळी सातनंतर त्या दिशेला बघायचं नाही. शेजारच्या तंबूत ओहायोचं एक कुटुंब होतं, त्यांना मी कांदेपोहे करून घातले, गॅसच्या छोट्या शेगडीवर, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा वाटी घेऊन उभा. परत जाईन का? जाईन, पण तंबूत नाही, जवळ मोटेल बघून.

ज्यांना यातलं काहीच झेपणार नाही त्यांच्यासाठी घरबसल्या स्ट्रीम आहे, काउच टूर म्हणतात, पैसे भरून लाइव्ह, आवाज आणि कॅमेरे दोन्ही उत्तम. भारतातल्यांना तर सोयच, इथे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, चहाबरोबर पहिला सेट, आंघोळ उरकून दुसरा, आणि इथले बारा वाजतात तेव्हा तिकडे १ जानेवारीचे साडेदहा. पुण्यातला माझा मावसभाऊ असंच बघतो, त्याच्या बायकोने फिशमनचा झगा कुठे मिळतो म्हणून मला मेसेज केला होता. २०२४ च्या एप्रिलमधले लास व्हेगासच्या स्फिअर या गोल थिएटरमधले चार शोही मी असेच घरून बघितले, घन, द्रव, वायू, प्लाझ्मा अशी एकेका रात्रीची थीम होती, पण तो एवढा मोठा गोल पडदा घरच्या टीव्हीत मावत नाही, तिथे मात्र प्रत्यक्षच जायला हवं.

कोणी जाऊ नये ते सांगते. ज्यांना कॉन्सर्टला ओळखीची गाणी सोबत म्हणायची असतात, ज्यांचा नवरा किंवा बायको पाचव्या मिनिटाला "संपलं का?" विचारणार आहे, आणि ज्यांना साडेअकराच्या आत अंथरूण लागतं. बाकीच्यांनी आधी एखादा जुना शो पूर्ण ऐकून बघा, कामं करता करता नाही, नीट बसून, मग ठरवा. लॉटरीचे फॉर्म बरेच आधी निघतात, ईमेलवर लक्ष ठेवा. आणि यंदा कोणाकडे ३० चं एक तिकीट जास्तीचं निघालं, २०० सेक्शन, माइकच्या बाजूचं, तर मूळ भावात मला सांगा, वर कांदेपोहे माझ्याकडून.